ट्रेकर ग्रुपचा सर्व्हर अपग्रेड करायचाय? आधी डिस्क बघा, मग खिसा

रविवारी रात्री साडेनऊ. पोरं ट्रेकवरून घरी आलेली, आंघोळ-जेवण उरकलेलं, बूट बाल्कनीत वाळत टाकलेले, आणि आता प्रत्येकजण शंभर-दीडशे फोटो चढवायला बसलाय. नेमका तेव्हाच सर्व्हर मान टाकतो. आमच्या सह्याद्रीवाल्या ग्रुपचं तीन-चार पावसाळे हेच चालू होतं. फोटो, जीपीएक्स ट्रॅक (जीपीएसने नोंदलेली वाट), कुठल्या टाक्याचं पाणी पिण्यालायक आहे, कुठल्या वाटेवर दरड आलीय, हे सगळं आम्ही स्वतःच्या मशीनवर ठेवतो, वर्गणी काढून, उद्या कुठल्या कंपनीने ॲप बंद केलं तर पंधरा वर्षांच्या नोंदी जायला नकोत म्हणून. काजव्यांच्या सीझनला, म्हणजे मे संपता संपता, गर्दी सुरू होते ती कासची फुलं ओसरेपर्यंत. त्यात ११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठा लष्करी वास्तूंचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, ११ महाराष्ट्रातले आणि एक तामिळनाडूतला जिंजी, आणि मग काय, ज्यांनी जन्मात पाली दरवाजा पाहिला नाही तेही राजगडची वाट शोधत आमच्याकडे. तेव्हा ठरलं, आता हार्डवेअर बदलायचंच.

हे सगळं करताना जे शिकलो, जिथे आपटलो, ते क्रमाने लिहितो. तुमचा ग्रुप ट्रेकर्सचा असो, पक्षीवाल्यांचा असो नाहीतर जुन्या बुलेटवाल्यांचा, मशीनला काही फरक पडत नाही.

खरेदीच्या आधी: नक्की अडतंय कुठे

ग्रुपमध्ये विषय काढला की पहिलं मत ठरलेलं असतं, "प्रोसेसर जुना झालाय रे, नवीन घेऊया." दहातल्या आठ वेळा हे चूक असतं असं माझं मत आहे. लोड ॲव्हरेज, म्हणजे रांगेतल्या कामांची सरासरी, ४० दिसतो आणि लोक घाबरतात, पण लिनक्समध्ये लोड ॲव्हरेजमध्ये फक्त प्रोसेसरसाठी थांबलेल्या प्रोसेस नसतात, डिस्ककडून उत्तर यायची वाट बघत ताटकळलेल्यासुद्धा त्यातच मोजल्या जातात. म्हणजे लोड ४० आणि प्रोसेसर ७० टक्के रिकामा हे अगदी शक्य आहे. आमचं तेच होतं.

मोजायचं कधी, तर जेव्हा दुखतंय तेव्हा. मंगळवारी दुपारी मोजून सगळं छान दिसणारच. सिसस्टॅट हे पॅकेज टाका, त्याची नोंद चालू करा, ते दर दहा मिनिटांनी आकडे लिहून ठेवतं, म्हणजे रविवारी रात्री तुम्ही स्वतः ट्रेकवरून मेलेले असलात तरी सोमवारी सार कमांडने सगळं मागचं दिसतं. आणि जागे असाल तर तीन गोष्टी बघा:

– व्हीएमस्टॅट १ चालवा. बी कॉलम म्हणजे अडकून बसलेल्या प्रोसेस, डब्ल्यूए म्हणजे डिस्कच्या वाट बघण्यात गेलेला वेळ, एसआय आणि एसओ म्हणजे स्वॅप, रॅम पुरेना म्हणून डिस्कवर टाकलेलं परत आणणं आणि बाहेर टाकणं. स्वॅपचे दोन्ही आकडे सतत हलत असतील तर रॅम कमी पडतेय, पुढे शोधत बसायची गरज नाही.
– आयओस्टॅटला मायनस एक्स लावून चालवा आणि अवेटचे कॉलम बघा, वाचायला आणि लिहायला सरासरी किती मिलिसेकंद लागतायत ते. हार्डडिस्कवर १०-१५ ठीक, ८०-१०० दिसायला लागलं की बाहेर रांग लागलीय.
– फ्री मायनस एच मध्ये 'फ्री' नाही, 'अव्हेलेबल' कॉलम बघा. फ्री कमी दिसणं चांगलंच असतं, लिनक्स रिकामी रॅम फाइल कॅशला वापरतो. ह्यावरून आमच्यात एकदा अर्धा तास भांडण झालंय.

एक सूचना, आयओस्टॅटमधला युटिल टक्केवारीचा कॉलम हार्डडिस्कसाठी बरा आहे पण एसएसडीवर (फिरते भाग नसलेल्या चिपवाल्या डिस्कवर) फसवतो, कारण एसएसडी एकावेळी अनेक कामं करते आणि तो कॉलम फक्त 'काहीतरी काम चालू होतं का' एवढंच मोजतो. १०० टक्के दिसलं म्हणून नवीन एसएसडी संपली असं समजू नका.

आता हार्डडिस्क एवढी का रडते ते जरा जवळून बघू, कारण हे पटलं की पुढचं सगळं पटतं. ७२०० आरपीएमची डिस्क म्हणजे सेकंदाला १२० फेऱ्या. हवा तो डेटा डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४ मिलिसेकंदाच्या वर थोडं. त्याआधी डोकं योग्य पट्टीवर सरकायला साधारण ८-९. झाले १२-१३ मिलिसेकंद, एका विखुरलेल्या वाचनाला. म्हणजे सेकंदाला पंचाहत्तर-ऐंशी. आता हरिश्चंद्रगडाच्या एका पानावर तीस छोटे फोटो आणि डेटाबेसची दहा वाचनं धरा, कॅशमध्ये काहीच नसेल तर चाळीस वाचनं, अर्धा सेकंद. दहा जण एकदम आले की दहावा पाच सेकंद थांबतो, आणि आमच्याकडे दोनशे येतात. साधी साटा एसएसडी हेच काम सेकंदाला हजारोंनी करते. प्रोसेसर बदलून ह्यात काय फरक पडणार होता? तो बिचारा रिकामाच बसला होता.

फुकटातले उपाय आधी

हे वाचून लगेच ऑर्डर देऊ नका. ॲक्सेस लॉग उघडून बघा कोण येतंय. आमच्याकडे पहाटे तीनला भयंकर ट्रॅफिक दिसलं. पहाटे तीनला नळीच्या वाटेचा ट्रॅक बघणारा माणूस एखादा असतो, हजारो नसतात. एआयवाल्यांचे क्रॉलर, म्हणजे पानं आपोआप चाळणारे प्रोग्राम, होते, प्रत्येक फोटोचं प्रत्येक साइजचं पान उघडत, २०११ पासूनच्या कॅलेंडरचा एकेक महिना चाळत. रोबोट्सची फाइल (क्रॉलरनी कुठे येऊ नये ते सांगणारी) पाळणारे पाळतात, न पाळणाऱ्यांसाठी एनजिनएक्स ह्या वेब सर्व्हरमध्ये लिमिट रेक, म्हणजे एकाकडून किती वेगाने विनंत्या घ्यायच्या त्याची मर्यादा, लावला आणि रिकामी कॅलेंडरची पानं लॉगिनच्या मागे टाकली. लोड चांगलाच उतरला.

दुसरं म्हणजे डेटाबेस. मायएसक्यूएल किंवा मारियाडीबी असेल तर इनोडीबी बफर पूल, म्हणजे डेटाबेस स्वतःचा डेटा ठेवायला किती रॅम वापरतो, ते बघा. डीफॉल्ट १२८ एमबी आहे आणि कितीतरी जणांचा वर्षानुवर्षं तसाच असतो, आमचाही होता, सांगायला लाज वाटते. पोस्टग्रेस असेल तर शेअर्ड बफर्स, डीफॉल्ट तिथेही १२८ एमबीच. स्लो क्वेरी लॉग चालू करून आठवडाभर ठेवा, एखादा इंडेक्स (पटकन शोधायची सूची) नसल्यामुळे अख्खं टेबल चाळलं जात असेल तर कितीही भारी मशीन आणा, ते ग्रुपसोबत मोठं होणाऱ्या टेबलापुढे हरणारच.

हे सगळं करूनही रविवारी रात्री मान टाकत असेल तर मग वर्गणीची वही काढा.

काय घ्यायचं, कुठल्या क्रमाने

माझा क्रम: रॅम, मग डेटाबेससाठी एसएसडी, मग मोठी डिस्क, आणि प्रोसेसर शेवटी.

रॅम घेण्याआधी डीएमआयडीकोडने मेमरीची माहिती काढा. किती स्लॉट आहेत, कुठल्यात काय आहे, बोर्ड जास्तीत जास्त किती घेतो, सगळं येतं. ईसीसीच घ्या, त्यात ६४ ऐवजी ७२ बिटांची वाट असते, एक बिट उलटलं तर ती स्वतः दुरुस्त करते. आता खरी गोम. ईसीसीमध्येही दोन जाती, अनबफर्ड आणि रजिस्टर्ड. दोन्ही एकत्र चालत नाहीत आणि जो बोर्ड एक घेतो तो बहुतेक वेळा दुसरी घेत नाही. डीडीआर४ मध्ये दोन्हीची खाच एकाच जागी असते, त्यामुळे चुकीची पट्टी स्लॉटमध्ये मस्त बसते, क्लिपही टक करून लागते, आणि मशीन चालू होत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर दुकानदाराने "सर्व्हर रॅम आहे, चालेल" म्हटलं तरी पट्टीवरच्या स्टिकरचा पार्ट नंबर बोर्डाच्या यादीशी ताडून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव जे चढलेत ते बघता 'पुढच्या वर्षी अजून टाकू' असं धरून अर्धवट घेऊ नका, जमेल तेवढी एकदाच घ्या. कोटेशन घेताना १८ टक्के जीएसटी धरलाय का ते विचारा, आमचा हिशोब पहिल्यांदा तिथेच चुकला.

एसएसडी घेताना वेगाच्या आकड्यांवर जाऊ नका, पॉवर लॉस प्रोटेक्शन आहे का बघा. अशा ड्राइव्हवर छोटे कपॅसिटर असतात, वीज गेली तरी हातातलं लिहून संपवण्यापुरती ताकद त्यांच्यात असते. म्हणून डेटाबेसने 'हे पक्कं लिही' म्हटलं की ती लगेच 'झालं' म्हणू शकते. घरगुती ड्राइव्हला खरोखर फ्लॅशवर लिहून मग सांगावं लागतं, म्हणून डब्यावर साडेतीन हजार एमबी छापलेला ड्राइव्ह डेटाबेसखाली मात्र रांगायला लागतो. टिकाऊपणा डीडब्ल्यूपीडी मध्ये, म्हणजे अख्खा ड्राइव्ह रोज किती वेळा लिहिता येतो त्यात, लिहिलेला असतो: ९६० जीबी, १ डीडब्ल्यूपीडी, पाच वर्षं म्हणजे साधारण १,७५० टीबी लिखाण. आपल्यासारख्यांना ते संपणार नाही. सेकंडहँड चालेल, फक्त स्मार्टसीटीएलने वापराची टक्केवारी आणि चालू राहिलेले तास बघूनच.

दोन घ्या, रेड १ करा, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा राहतो. रेड ५, म्हणजे तीन किंवा जास्त डिस्कवर डेटा वाटून ठेवणं, स्वस्त वाटतं पण छोट्या लिखाणाला एकाच्या जागी चार कामं करायला लावतं, डेटाबेससाठी नकोच.

मूळ फोटो मात्र हार्डडिस्कवरच राहू द्या, तिथे त्यांना काही होत नाही. छोटे थंबनेल तेवढे एसएसडीवर न्या.

जुन्या मशीनला एनव्हीएमई (थेट पीसीआय स्लॉटमधून चालणारी वेगवान एसएसडी) लावायची असेल तर तीन खड्डे आहेत. जुनी बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा प्रोग्राम, त्यावरून बूट करत नाही (आम्ही ओएस जुन्याच डिस्कवर ठेवली, डेटाबेस फक्त हलवला). दोन ड्राइव्हवालं स्वस्त ॲडॉप्टर कार्ड घेतलं तर बोर्डाला एक स्लॉट दोघांत वाटून द्यायची, म्हणजे बायफर्केशनची सोय हवी, नसेल तर एकच ड्राइव्ह दिसतो. त्यापेक्षा दोन स्लॉट रिकामे असतील तर एकेकाची दोन कार्डं घ्या. आणि पॉवर लॉस प्रोटेक्शनवाल्या एम.२ (छोट्या पट्टीसारख्या एसएसडी) बऱ्याचदा ११० मिलिमीटर लांब असतात, ८० वाल्या कार्डावर बसत नाहीत. पट्टी घेऊन मोजा.

बॅकअप, आणि तो उलगडून बघणं

रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून अल्बम उडवला तर दोन्ही डिस्कवरून एकदमच उडतो. डेटाबेसचा डंप सिंगल ट्रान्झॅक्शन लावून (म्हणजे सगळं एकाच क्षणाचं येतं) काढा, फोटो आरसिंकने (फक्त बदललेलं कॉपी करणारी कमांड) दुसऱ्या जागी, आणि एक प्रत कोणाच्यातरी घरी. मग तो डंप एखाद्या लॅपटॉपवर परत भरून बघा. खरंच भरा. आमच्याकडे भरायला तीन तास लागले, आणि हा आकडा आधी माहीत असणं फार महत्त्वाचं, कारण रात्री दोनला काही बिघडलं तर 'सकाळपर्यंत परत उभं राहील का' ह्याचं उत्तर त्याच आकड्यात आहे.

वार कुठला

सगळीकडे लिहिलेलं असतं की रविवारी रात्री करा. आमच्यासाठी तो मरणाचा मुहूर्त. शनिवारी पहाटे चारला लोक निघताना ट्रॅक उतरवतात, रविवारी रात्री फोटो चढवतात. आमचा शांत वेळ निघाला बुधवारी रात्री एक ते पाच. महिना एप्रिल, उन्हात कोणी फिरकत नाही. तुमच्या लोकांचा आलेख बघा आणि ठरवा. १५ ऑगस्टच्या जोडून सुट्टीच्या आधी स्क्रूड्रायव्हरला हात लावू नका.

आठवडा आधी कळवा आणि नंतर दोनदा आठवण करा, तरी चार जण विचारतीलच.

जाण्याआधी घरी बसून करायची कामं

एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची त्या यादीत) एसडीए, एसडीबी असली नावं असतील तर काढून यूयूआयडी (न बदलणारा ओळख क्रमांक) टाका, नवीन डिस्क लावली की ती नावं सरकतात. नवीन डिस्कच्या ओळीला नोफेल लावा, नाहीतर ती सापडली नाही तर मशीन अर्ध्यात थांबून बसेल. जुन्या डिस्कचे सीरियल नंबर कागदावर लिहून न्या, कारण रॅकमध्ये उभं राहून 'यातली खराब कुठली' हा प्रश्न मोबाइलच्या टॉर्चमध्ये सोडवायचा नसतो. आयपीएमआय (मशीन दुरून चालू-बंद करायची सोय) चालतंय का, पासवर्ड आठवतोय का ते बघा, आणि ते उघड्या इंटरनेटवर असेल तर आजच खाजगी नेटवर्कच्या आत घ्या. बायोसच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. अख्खं मशीनच बदलून आयपी बदलणार असेल तर डीएनएसचा टीटीएल (जुना पत्ता किती सेकंद लक्षात ठेवायचा ते) दोन दिवस आधी ८६४०० वरून ३०० वर आणा.

आणि नेटवर्क कार्डाचं नाव. हे आम्ही केलं नाही. सांगतोच.

ती रात्र

डेटासेंटर नवी मुंबईत महाप्याला. बाहेर एप्रिलचा उकाडा आणि आत दात वाजतात, जॅकेट न्या. सोबत एक माणूस हवाच, 2U (रॅकच्या दोन कप्प्यांएवढं) मशीन रेलवरून एकट्याने ओढायच्या भानगडीत पडू नका. अँटिस्टॅटिक पट्टा, मॅग्नेटवाला स्क्रूड्रायव्हर, मार्कर, वेल्क्रो, आणि थर्मासमध्ये चहा (आत नेऊ देत नाहीत, बाहेर पिऊन या). केबल काढण्याआधी फोटो, प्रत्येक केबलला चिठ्ठी.

एकावेळी एकच गोष्ट बदला. आधी फक्त रॅम. झाकणाच्या आत स्लॉटचा नकाशा छापलेला असतो, जोडीने कुठे बसवायची ते त्यातच बघा. चालू केल्यावर दोन-चार मिनिटं काळी स्क्रीन राहते, मेमरीची ओळखपरेड चालू असते, लगेच बंद-चालू करू नका. पूर्ण ६४ जीबी दिसली, मेमटेस्टची (रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामची) एक फेरी झाली की मग एसएसडीची कार्डं. मेमटेस्टला वेळ लागतो, तेवढ्यात चहा.

कार्डं लावली, मशीन चालू केलं, आणि पिंग नाही, म्हणजे नेटवर्कवरून मशीन उत्तरच देईना. पाच मिनिटं, दहा मिनिटं, काही नाही. मित्र म्हणतो केबल. केबल बदलली. म्हणतो स्विचचा पोर्ट. पोर्ट बदलला. शेवटी ढकलगाडीवरचा मॉनिटर आणून लावला तर मशीन अगदी सुखरूप, लॉगिन मागतंय. लिनक्समध्ये नेटवर्क कार्डाचं नाव ते कुठल्या पीसीआय बसवर आहे त्यावरून पडतं. नवीन कार्डं आत आली, बसचे नंबर सरकले, आणि ईएनपी३एस०चं झालं ईएनपी४एस०. कॉन्फिगमध्ये अर्थातच जुनं नाव. एक आकडा बदलला आणि पिंग आला, पण त्या एका आकड्यात आमची पंचेचाळीस मिनिटं गेली. तुम्ही घरूनच कॉन्फिगमध्ये नावाऐवजी मॅक ॲड्रेसवरून कार्ड ओळखायला सांगा, ते बदलत नाही.

मग डेटा हलवणं. हे दोन फेऱ्यांत करायचं. दोन एसएसडींचा एमडीएडीएमने रेड १ केला, फॉरमॅट केला, तात्पुरता एका फोल्डरला जोडला. पहिला आरसिंक सगळं चालू असतानाच, तो अर्धवट-विस्कळीत येणार, येऊ दे, त्याने नव्वद टक्के ओझं वाहून झालेलं असतं. मग देखभालीची पाटी लावा, ५०३ कोडसकट, म्हणजे सर्च इंजिनं पानं मेली असं समजत नाहीत. डेटाबेस नीट बंद करा, आणि दुसरा आरसिंक डिलीटच्या पर्यायासह, हा काही मिनिटांत होतो. आता जुन्या फोल्डरचं नाव बदला आणि नवीन डिस्क बरोब्बर त्याच जागी जोडा. कॉन्फिगमध्ये नवीन पत्ता द्यायच्या फंदात पडू नका, उबुंटूवर ॲपआर्मर (सुरक्षेचा पहारेकरी) नवीन जागेला हात लावू देत नाही आणि परमिशन तर बरोबर दिसतायत मग अडतंय काय ह्यात रात्र जाते. जागा तीच ठेवली की हा प्रश्नच येत नाही, आणि काही बिघडलं तर परतीचा रस्ताही सोपा: डिस्क सोडवा, फोल्डरला जुनं नाव द्या, चालू करा.

परतीची वेळ आधीच ठरवा. आमची साडेतीन होती. साडेतीनला डेटाबेस उभा नसता तर गुपचूप जुनं लावून घरी. तीन वीसला उभा राहिला.

नंतरचे आठवडे

हार्डवेअर बसलं म्हणून ते वापरलं जातंच असं नाही. बफर पूल वाढवा, मायएसक्यूएल ५.७ पासून चालू असतानाच वाढवता येतो. डेटाबेस १८ जीबीचा असेल तर २४ पुरे, बाकी रॅम फाइल कॅशला सोडा, थंबनेल तिथूनच जातील. पीएचपी असेल तर मॅक्स चिल्ड्रन (एकावेळी किती प्रोसेस चालतील ती मर्यादा) हिशोबाने: एक प्रोसेस ६० एमबी खात असेल तर शंभर म्हणजे ६ जीबी. एफएसट्रिमचा टायमर (एसएसडीला रिकामे कप्पे कळवणारा) आणि स्मार्टडी (डिस्कच्या तब्येतीवर लक्ष ठेवणारा) चालू आहेत का बघा, आणि रेडमधली डिस्क पडली की मेल येतो का ते एक डिस्क मुद्दाम फेल करून तपासा. मेल स्पॅममध्ये जात होता, आमचा.

मग पुढच्या रविवारी रात्री साडेनऊला परत तेच तीन आकडे. पहिल्याच रविवारी अवेट एक मिलिसेकंदाच्या आत आला आणि आता पहिल्यांदाच प्रोसेसर थोडा तापलेला दिसला, अपलोड झालेल्या फोटोंचे थंबनेल बनवताना. म्हणजे पुढचा नंबर त्याचा, पण घाई नाही, ते काम रांगेत टाकून सावकाशही करता येतं.

डेटाबेसचं जुनं फोल्डर महिनाभर ठेवा, मग उडवा. आणि कुठलीही डिस्क कायमची काढलीत तर तशीच भंगारात देऊ नका, तिच्यात लोकांचे ईमेल, फोन नंबर, पासवर्डचे हॅश असतात. हार्डडिस्कवर श्रेड (वरून पुन्हा पुन्हा लिहिणारी कमांड) चालवा, एसएसडी असेल तर तिचं स्वतःचं सिक्युअर इरेज, कारण तिच्यावर वरून कितीही लिहिलं तरी काही जुने कप्पे तसेच राहू शकतात. आमची एक जुनी २ टीबीची त्याआधीच आवाज करत मेली होती, श्रेड चालवण्याइतकीही जिवंत नव्हती. तिला ड्रिल मशीनने आरपार चार भोकं पाडली, मग दिली.